युजेबिलिटी टेस्ट कशी घ्यावी: पाच माणसं, एक फोन, एक वही

आपलं ॲप कसं वाटलं, असं इंदुरात कुणालाही विचारलं तर बहुतेक वेळा "छान आहे" हेच उत्तर येतं. समोर बसलेल्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवू नयेत, ही आपली रीत. त्यात कुठे अडलंच तर माणूस दोष स्वतःकडे घेतो: "मलाच नाही जमत हो हे मोबाइलचं." डिझाइन सुधारायला या दोन्ही वाक्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणून युजेबिलिटी टेस्टमध्ये मत विचारत नाहीत. एक काम देतात, फोन हातात देतात आणि बोट कुठे जातं, कुठे थबकतं, ते लिहून घेतात. पुढे दिलेली सगळी कृती या भिडेतून वाट काढण्यासाठी आहे. दोन माणसांच्या टीमला ती तीन दिवसांत आणि तीन-चार हजार रुपयांत जमते.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणारं एक संकेतस्थळ आहे, मराठी आणि हिंदीत. गिऱ्हाईक मोबाइलवरून चकली, शंकरपाळे, अनारसे निवडतं, पत्ता आणि दिवस देतं, यूपीआयने पैसे भरतं. तुमचं उत्पादन वेगळं असेल, पण अडण्याच्या जागा फारशा वेगळ्या नसतात.

आधी एकच वाट निवडा

"सगळं ॲप तपासू" म्हणून बसलात तर काहीच नीट तपासलं जाणार नाही. ज्या वाटेवर धंदा अवलंबून आहे ती एकच घ्या. इथे ती म्हणजे पदार्थ निवडण्यापासून पैसे भरल्याची पावती दिसेपर्यंतची वाट. मग तिच्यावर तीन-चार शंका कागदावर लिहा: वजन निवडता येतं का? पत्त्याचा फॉर्म एका दमात भरला जातो का? पैसे भरून परत आल्यावर ऑर्डर झाली हे कळतं का? आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभतेची, म्हणजे युजेबिलिटीची, तीन अंगं सांगितली आहेत: काम नेमकं आणि पुरं होतं का, किती श्रमात होतं, आणि वापरणाऱ्याला समाधान वाटतं का. पहिल्या फेरीत पहिल्या अंगावर सगळा भर द्यावा. काम अर्ध्यात सुटत असेल तर समाधान मोजून उपयोग नाही.

वेळही आत्ताच ठरवा. दिवाळीचं उत्पादन असेल तर पहिली फेरी गणेशोत्सवाच्या आधी आणि दुसरी नवरात्रापूर्वी झाली पाहिजे. अनंत चतुर्दशीला झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला बोलावू नका.

माणसं किती आणि कुठली

पाच हा आकडा जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या युजेबिलिटीच्या संशोधकांच्या १९९३ सालच्या गणितातून आला. त्यांच्या पाहणीत एक अडचण एका माणसाच्या चाचणीत उघड होण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के होती. म्हणजे ती निसटण्याची शक्यता ०.६९. पाचही जणांच्या हातून निसटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, सुमारे ०.१६. पाच जणांत ८४-८५ टक्के अडचणी सापडतात असं म्हणतात ते यामुळे.

या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. ३१ टक्के ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच नडणारी अडचण पाच जणांत सापडण्याची शक्यता फक्त ४१ टक्के असते. म्हणून दहा माणसं एकदम बसवण्याऐवजी पाच बसवा, दुरुस्त करा, पुन्हा नवीन पाच बसवा. पहिल्या फेरीतली मोठी धोंड दूर झाल्याशिवाय तिच्या मागे लपलेली अडचण दिसतच नाही. पत्त्याच्या फॉर्मवरच सगळे अडकले तर पैशांच्या पानापर्यंत पोचणार कोण?

वापरणाऱ्यांचे दोन अगदी वेगळे गट असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्या. फराळाच्या उदाहरणात एक गट म्हणजे साठीच्या पुढच्या काकू-आजी, ज्यांना अनारशाची पारख आहे आणि फोनवर टाइप करणं जिवावर येतं. दुसरा म्हणजे विजयनगरकडे नोकरी करणारी तिशीतली मंडळी, ज्यांचा हात सरावलेला असतो आणि जी अर्ध्या मिनिटात कंटाळून पान बंद करतात.

माणसं शोधायला जाहिरात लागत नाही. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतली भजनी मंडळं, गणेशोत्सव मंडळं, सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसे असतात. घरचे आणि जवळचे मात्र टाळा. त्यांना तुम्ही किती रात्री जागलात ते माहीत असतं, आणि तेच त्यांच्या तोंडून बोलतं. निवडताना "ऑनलाइन खरेदी जमते का?" असं विचारलंत तर सगळे "हो" म्हणतील. त्यापेक्षा विचारा, "शेवटचं फोनवरून काय मागवलंत? पैसे कसे दिले?" नेमकी वस्तू आणि नेमकी रीत सांगता आली तर तो खरा वापर. सहावा माणूस राखीव ठेवा. पाहुणे येतात, लाइट जाते, कुणीतरी गळतंच.

मानधन ३०० ते ५०० रुपये ठेवा आणि ते सुरुवातीलाच पाकिटात द्या. शेवटी दिलंत तर स्तुतीचं बक्षीस दिल्यासारखं होतं. देताना सांगा, "काम जमलं नाही तरी हे तुमचंच."

कामं लिहिताना बटणावरचे शब्द वापरायचे नाहीत

बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. "कार्टमध्ये अर्धा किलो चकली टाका आणि चेकआउट करा" असं काम दिलंत की माणूस डोळ्यांनी फक्त ते शब्द शोधतो. तुम्ही त्याची वाचनाची परीक्षा घेतलेली असते. तेच असं लिहा: "तुमची बहीण स्कीम नंबर ७८ मध्ये राहते. येत्या शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे पाहुणे आहेत. त्याआधी तिच्या घरी अर्धा किलो चकली आणि पाव किलो अनारसे पोचले पाहिजेत." यात कारण आहे, मुदत आहे, दुसऱ्याचा पत्ता आहे (स्कीम नंबर ७८ ही इंदुरातली एक वसाहत). कुठलं बटण दाबायचं ते मात्र कुठेच नाही.

एका बैठकीला चार कामं पुरतात. पाचवं काम थकलेल्या माणसाकडून होतं. प्रत्येक काम वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात छापा. तुमच्या स्वतःच्या कागदावर त्याच कामाखाली तीन गोष्टी असाव्यात: कुठल्या पानावरून सुरुवात, काम झालं कशाला म्हणायचं, आणि किती मिनिटांनी थांबवायचं. "झालं" ची व्याख्या आधीच ठरली नसेल तर संध्याकाळी टीममध्ये वाद होतो. "पावतीचं पान दिसलं आणि डिलिव्हरीचा दिवस माणसाने आपणहून बरोबर सांगितला" ही चांगली व्याख्या. एक काम निस्तरण्याचं ठेवाच, जसं "अनारसे नको झालेत, तेवढे काढून टाका, चकली राहू द्या." सगळं सुरळीत चालणारी वाट टीमने शंभरदा तपासलेली असते. मन बदलण्याची वाट बहुतेक कुणीच तपासलेली नसते.

त्या कामात काय सापडतं त्याचा एक नमुना. माणूस "काढा" दाबतो. पडद्यावर चौकट येते: "ऑर्डर रद्द करायची का?" खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". आता रद्द करणं रद्द करायचं की ऑर्डर रद्द करायची? अंगठा एका बटणावर जातो, काचेपासून जेमतेम बोटभर वर थांबतो, दुसऱ्याकडे सरकतो, परत येतो. तोंडाने माणूस काहीच बोलत नाही. वहीत ही चार सेकंदं लिहिली गेली पाहिजेत, कारण पुढे विचारलंत तर तो म्हणेल, "नाही, काही अडलं नाही." दुरुस्ती सोपी आहे. प्रश्न "अनारसे काढून टाकायचे?" असा करा, बटणं "काढून टाका" आणि "राहू द्या". क्रियापद बटणावरच असलं की प्रश्न न वाचणाराही चुकत नाही.

आदल्या दिवशी टीमबाहेरच्या एका माणसावर रंगीत तालीम करा. लांबलेली कामं, उघडत नसलेल्या लिंका, संपलेला माल त्यात सापडतो. हा दिवस वाचवायचा मोह होतो, पण वाचवू नका.

खोली, फोन, परवानगी

जागा साधी चालते: घराची बाहेरची खोली, सोसायटीचं ऑफिस. पंखा फार जोरात नको, आवाज रेकॉर्ड होत नाही. माणसाच्या शेजारी, किंचित मागे एक जण बसतो; तो बोलतो. दुसरा कोपऱ्यात बसून लिहितो आणि शेवटपर्यंत बोलत नाही. तिसरा नको. तिघे मिळून एकाकडे बघायला लागले की मुलाखत होते.

निदान तिघांची चाचणी त्यांच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या सिमच्या डेटावर घ्या. तुमच्या वायफायवर झटकन उघडणारं पान तिथे रेंगाळतं. ज्येष्ठांनी फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून ठेवलेली असतात, त्यामुळे "पुढे" बटण पडद्याच्या खाली गेलेलं असतं आणि खाली सरकवायचं आहे हे सांगणारी कुठलीच खूण उरत नाही. हा दोष ऑफिसच्या फोनवर जन्मात दिसणार नाही.

त्यांच्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावू नका. घरचे निरोप आणि ओटीपी त्यात येतात. पुस्तकांच्या थप्पीवर दुसरा फोन ठेवून वरून फक्त हात आणि पडदा दिसेल असा व्हिडिओ घ्या. तुमच्या अँड्रॉइड फोनवर चाचणी असेल तर अकराव्या आवृत्तीपासून स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच असतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्पर्श दाखवण्याची सोय चालू केली की बोट टेकेल तिथे ठिपका उमटतो. सुरू करण्याआधी फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर टाका आणि दोन-तीन जीबी जागा रिकामी असल्याची खात्री करा.

पैसे भरण्याचा टप्पा वेगळा हाताळावा लागतो. बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप सुरक्षेसाठी आपला पडदा रेकॉर्ड होऊ देत नाहीत. व्हिडिओत तिथे काळी चौकट येते. त्या वेळी लिहिणाऱ्यानेच डोळ्यांनी टिपावं. पैसे टीमचे, फोन टीमचा, पिनही टीमच्या माणसाने टाकायचा. पाहुण्याला त्याचा पिन टाकायला कधीही लावू नये. इथे लक्ष ठेवण्यासारखी एक जागा आहे. कमी मेमरीच्या फोनवर यूपीआय ॲप उघडलं की मागचं ब्राउझरचं पान बंद पडू शकतं. पैसे भरून परत यावं तर पान नव्याने उघडतं आणि निवडलेल्या पदार्थांची पिशवी (कार्ट) रिकामी दिसते. पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही. गिऱ्हाईक कायमचं तुटतं ते अशा क्षणी.

परवानगीचा कागद एका पानाचा असावा: काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कुठल्या तारखेला पुसणार, मधेच थांबायचं असेल तर काय. डिजिटल व्यक्तिगत डेटाच्या २०२३ च्या कायद्यातही संमती सोप्या भाषेत मागावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय असावी असं म्हटलं आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही प्रती ठेवा. इंदूरच्या कित्येक मराठी घरांत बोलणं मराठीत आणि वाचणं हिंदीत असतं. कुठली प्रत हवी ते माणसाला उचलू द्या. त्याने कुठली उचलली हीसुद्धा एक नोंद आहे.

चाचणी चालू असताना

एका बैठकीला ४० मिनिटं धरा: पाच मिनिटं बसणं-पाणी, पंचवीस मिनिटं कामं, दहा मिनिटं गप्पा. दोन बैठकींमध्ये वीस मिनिटांचं अंतर हवं, नोंदी पुऱ्या करायला. दिवसाला पाचाच्या वर नको.

सुरुवातीची वाक्यं पाठ करून ठेवा आणि प्रत्येकाला तीच म्हणा: "काकू, आज परीक्षा तुमची नाही, या पानाची आहे. तुम्ही कुठे अडलात तर चूक पानाची, आणि तीच शोधायला तुम्हाला बोलावलंय. हे मी बनवलेलं नाही, त्यामुळे मला वाईट वाटायचा प्रश्न नाही." शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. म्हणून बोलणारा माणूस डिझाइन करणारा नसावा. दोघांचीच टीम असेल तर ज्याने पान बनवलं त्याने लिहायला बसावं.

मग मोठ्याने बोलत काम करण्याचा सराव. कोरं "मनातलं बोला" म्हटलं की माणूस अवघडतो. एक बिनधोक काम द्या: "उद्या सकाळी सहाचा गजर लावा, आणि लावताना काय बघताय, काय शोधताय ते बोलत राहा." दोन मिनिटांत जीभ सुटते. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपलं तर संपू द्या आणि जसंच्या तसं लिहा. "ये पेमेंट वालं कुठे गेलं" या वाक्यातून तुमच्या बटणावर कुठला शब्द हवा ते कळतं. "भरणा" आणि "भुगतान" या दोन्हींपेक्षा "पैसे भरा" सरस ठरेल, की "पेमेंट"च बरं, याचा निकाल शब्दकोशापेक्षा अशा पाच वाक्यांवर सोपवावा.

यानंतर सगळ्यात अवघड भाग: गप्प बसणं. माणूस अडला की आपला हात शिवशिवतो. मनात दहा अंक मोजा. बहुतेकदा सातव्या-आठव्या अंकाला तो स्वतःच काहीतरी करतो, आणि जे करतो तेच आपल्याला हवं असतं. दहानंतरही शांतता असेल तर एवढंच विचारा: "आत्ता काय शोधताय?" त्याने विचारलं, "इथे दाबू का?" तर "घरी एकट्या असता तर काय केलं असतं?" तो म्हणाला, "हे विचित्र आहे," तर नुसतं "विचित्र?" म्हणून थांबा. "बटण दिसत नाहीये का?" असं विचारू नका, त्यात उत्तर दिलेलं असतं. "छान!", "बरोबर!" हेही नको, पुढच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात की त्याला चुकल्यासारखं वाटतं. दोन-तीन मिनिटं नवा प्रयत्नच होत नसेल तर मदत करा, पण नोंद "मदतीने" अशी करा.

घरी जाऊन चाचणी घेत असाल तर नातवंडं आणि जावई यांची सोय आधी लावा. आजी अडल्या की मागून हात येतो आणि बटण दाबून जातो. त्या घरातली ही रोजची मदत असते, त्यामुळे ती एकदा घडू द्या आणि लिहा. पुढच्या कामाला मात्र त्यांना आत चहाला पाठवा.

लिहिणाऱ्याच्या वहीत चार रकाने असावेत: वेळ, काम, केलं काय, बोलणं काय. अर्थ लावायचा नाही. "गोंधळली" ही नोंद नव्हे. "'०.२५ कि.ग्रॅ.' वर बोट नेलं, मागे घेतलं, 'पाव किलो कुठंय?' म्हणाली, २२ सेकंद" ही नोंद. शेवटी एकेका कामाला एक शेरा: स्वतःहून, अडखळत, मदतीने, नाही.

देवनागरी फॉर्ममध्ये हमखास नडणाऱ्या जागा

चाचणीत या दिसतातच. नावाच्या रकान्यात "फक्त अक्षरं" असा नियम लावलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तिच्यात, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांची गणना अक्षरांत नसून चिन्हांत होते. परिणाम असा की "कमल" हे नाव चालतं आणि "सुनीता" ला लाल अक्षरांत चूक दाखवली जाते. नियमात अक्षरांबरोबर चिन्हांचा गट धरला की प्रश्न सुटतो. तसंच "वसाहत" या रकान्यात अंक बंद केलेले असले तर "स्कीम नं. ५४" मध्ये राहणाऱ्याला आपला पत्ताच लिहिता येत नाही. मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंक मोबाइल नंबरच्या रकान्याने नाकारले तर माणसाला चूक कुठे आहे ते कळणं शक्य नाही, कारण त्याच्या दृष्टीने नंबर बरोबरच आहे. आणि ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाने ठेवली की "पूर्ण" मधला खालचा ऊकार आणि वरचा रफार छाटले जातात. दीडपट अंतर ठेवून पाहा.

आकडे

प्रत्येक कामानंतर एकच प्रश्न: "हे काम किती सोपं गेलं? १ ते ७ मध्ये सांगा." उत्तरापेक्षा "का?" जास्त मोलाचं. तीनदा मदत घेऊनही ६ मिळाले तर ते भिडेचे गुण आहेत. वहीवर विश्वास ठेवा. जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली बरेच जण वापरतात; तिच्यात प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण देतात. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम विधानांचे ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचं. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. पाच माणसांवर तो आकडा फार हलतो, म्हणून ग्राहकाला दाखवायच्या अहवालात "५ पैकी ३ जणांना मदत लागली" असं लिहावं. "६० टक्के" लिहू नये.

त्याच संध्याकाळी

नोंदी दुसऱ्या दिवसावर टाकू नका, निम्मं विसरलं जातं. एक अडचण एक चिठ्ठी, कुणाला आली त्याचा क्रमांक कोपऱ्यात. चिठ्ठ्या पडद्यांच्या क्रमाने भिंतीला लावा. मग प्रत्येकीला दोन प्रश्न: कितींना आली, आणि आल्यावर काम थांबलं की नुसतं रेंगाळलं? काम थांबवणारी अडचण एकालाच आली तरी वर ठेवा, विशेषतः ती पैशांशी निगडित असेल तर. पाचांनाही जाणवलेलं रंगाचं खुपणं खाली जाऊ द्या. वरच्या तीनच उचला.

दुरुस्ती शक्य तितकी छोटी करा. "०.२५ कि.ग्रॅ." च्या जागी "पाव किलो" लिहिणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्यासाठी पदार्थांचं अख्खं पान नव्याने मांडायला घेतलंत तर पुढच्या फेरीत नेमकं कशाने सुधारलं ते कळणार नाही. प्रत्येक दुरुस्तीपुढे ती ज्या चिठ्ठीतून आली तिचा क्रमांक लिहून ठेवा. आठवड्याभराने नवीन पाच जण आले की तीच कामं, तेच कागद आणि तीच सुरुवातीची वाक्यं वापरा, आणि "पाव किलो कुठंय?" ला लागलेल्या २२ सेकंदांच्या शेजारी नवा आकडा लिहा.